व्हॅलेंटाईनला नवऱ्याला वाईन द्यायचीय : कोणती घेऊ, कुठून आणू, ठेवू कुठं?

तेरणाकाठची (४ फेब्रुवारी, रात्री ११:२०)
नमस्कार मंडळी. माहेर तेरणेकाठचं, सासर लातूर. लग्नाला नऊ वर्षं झाली. दर १४ फेब्रुवारीला आमचे हे चौकातून एक गुलाब आणतात, प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधलेला, निम्मा कोमेजलेला. मी शर्ट देते. आता शर्टांनी कपाट भरलंय आणि त्यातले चार अजून पिनांसकट आहेत.
दोन वर्षांमागं हे मित्रांसोबत नाशिकला गेले होते. तिथं वाईन घेतली. एरवी पिण्यातलं माणूस नाही, पण तेव्हापासून मधूनच म्हणतात, "ती काय चव होती!" नाव विचारलं तर आठवत नाही. "पिवळसर होती आणि थंडगार होती," एवढाच पत्ता. तर यंदा शर्टाऐवजी तीच द्यावी म्हणते.
बजेट दीड हजार. जेवण आमच्याकडं काळ्या मसाल्याचं, झणझणीत. कृषी सेवा केंद्र बंद करून हे नऊला घरी येतात. सासूबाई खालच्या मजल्यावर, फ्रिज एकच आणि तोही खाली. मी आजवर वाईन शॉपची पायरी चढलेली नाही. लाल की पांढरी, कुठली, आणि आणल्यावर ठेवू कुठं? "परफ्यूम द्या" म्हणणाऱ्यांना आधीच दंडवत.

गंजगोलाई (११:३१)
वैनी, वाईन शॉपात वाईन सोडून समदं मिळतंय बगा. मी स्वतः इचारलंय. मालक मला म्हनला, "वाईन? कोण आजारी हाय?"

भुर्का (११:३४)
हसू नका, ही खरी गोष्ट आहे. आमच्या गावात तीन वाईन शॉप आहेत. तिन्हीत मिळून वाईनच्या बाटल्या पाच, आणि त्या पाचांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ.

अबोली_परभणी (५ फेब्रुवारी, सकाळी ८:०२)
आधी एक विचारते ताई, बूच काढायचा स्क्रू आहे का घरात? आमच्या लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला ह्यांच्या पुण्याच्या मित्रानं लाल वाईन दिली होती. रात्री साडेदहाला कळलं की बूच लाकडी आहे. ह्यांनी दाराच्या बिजागरीचा स्क्रू काढला, तो बुचात पिळला आणि पकडीनं ओढायला लागले. निम्मं बूच वर आलं, निम्मं आतच राहिलं. शेवटी चमच्याच्या दांडीनं आत ढकललं तशी वाईन उसळून भिंतीवर गेली. उरलेली चहाच्या गाळणीतून गाळून प्यायलो. तिला आल्याचा वास होता. भिंतीवरचा डाग पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "इथं बीट फेकलं होतं का?"
फिरकीचं झाकण असलेली घ्या.

पुण्यात_नांदेडकर (९:१५)
फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन. भेट द्यायची तर बूचवालीच द्यावी. तो 'पॉप' आवाज हीच तर मजा असते. आणि दीड हजारात काय येणार? थोडं वाढवून फ्रेंच लाल घ्या.

रोशनगेट (१०:४०)
मी संभाजीनगरात हॉटेल लाईनमध्ये चौदा वर्षं काढली, त्यातली सहा बारमागं. वरच्या प्रतिसादातलं जवळपास सगळं खोडतो, माफ करा.
झाकणाचा दर्जाशी संबंध नाही. ताजेपणी प्यायच्या वाईनला फिरकीचं झाकण उलट बरं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच बरं. नाशिकच्या सुलाच्या कितीतरी बाटल्या फिरकीच्याच येतात. बाहेरच्या देशातून आलेल्या बाटलीत तुमचा निम्मा पैसा कर आणि वाहतुकीत जातो. दीड हजाराची फ्रेंच म्हणजे तिकडची अगदी खालच्या फळीवरची. तेवढ्या पैशांत इथली चांगली येते.
आता मुख्य मुद्दा. ताई, बाटलीच्या आधी ताट ठरवा. लाल वाईनमध्ये जो तुरटपणा असतो तो द्राक्षाच्या साली आणि बियांचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आखडते, तसा. त्यावर काळ्या मसाल्याचा रस्सा गेला की तिखट आणखी भडकतं आणि वाईन कडू लागते. गिऱ्हाईक म्हणतं वाईन खराब आहे. खराब काही नसतं, जोडी चुकलेली असते. तिखटासमोर थोडी गोडसर, थंड आणि कमी तुरट वाईन लागते.
तुमच्या यजमानांची "पिवळसर, थंडगार" म्हणजे पांढरीच. नाशिकला पाहुण्यांना दोन पांढऱ्या हमखास पाजतात. सोव्हिन्यों ब्लाँ ही आंबटसर, हिरवट वासाची, कैरीच्या देठाजवळ नाक नेल्यासारखी. शेनिन ब्लाँ ही जराशी गोड, पेरू-अननसाच्या वासाची. त्यांना विषय न कळू देता एवढंच विचारा, "ती आंबट होती का गोडसर?"

तेरणाकाठची (दुपारी १:०५)
विचारलं! जेवताना सहज म्हटलं, "ती नाशिकची आंबट होती काओ?" तर म्हणाले, "नाही, पेरूसारखी होती. का गं?" म्हटलं, काही नाही, पेरू आणायचेत. आता घरात दोन किलो पेरू आलेत.

गंजगोलाई (१:०९)
ह्याला म्हनत्यात प्रेम. बायको नुस्तं पेरू म्हनली तर दोन किलो.

रोशनगेट (१:३०)
मग शेनिनच. हजाराच्या आत मिळेल. 'लेट हार्व्हेस्ट' लिहिलेली शेनिन मात्र चुकून उचलू नका. ती लहान बाटली असते, द्राक्षं वेलीवर जास्त पिकवून केलेली, जेवणानंतर गोडाच्या जागी प्यायची. धपाट्याबरोबर प्यायलात तर श्रीखंड-ठेचा होईल.

माळकरी (३:४८)
राग नसावा. मी बीडचा. वडिलांची सुरुवातही "सणासुदीला थोडी" अशीच झाली होती. शेवट साडेतीन एकर विकून झाला. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं किराणाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हाही हाच सूर होता, की वाईन म्हणजे दारू नव्हे. अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला, लोकांनी हरकती घेतल्या आणि ते बासनात गेलं. बरं झालं. बायकोनं नवऱ्याला स्वतःच्या हातानं बाटली आणून द्यावी, हे मला तरी पटत नाही.

शेततळं (४:२०)
माळकरी दादा, तुमच्या घरचं दुःख खरं आहे, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. फक्त त्या निर्णयाला "शेतकऱ्याच्या फायद्याचं" म्हणायचे, त्यावर बोलतो. मी जालना जिल्ह्यातला, कडवंचीच्या पट्ट्यातला. आमच्याकडं शेततळ्यांवर द्राक्ष उभं आहे. लोक समजतात की बाजारात भाव पडला की आम्ही माल वायनरीला देत असू. तसं नाही हो. आमचं थॉमसन, सोनाका हे खायचं द्राक्ष. बी नाही, साल पातळ, आणि मणी फुगावा म्हणून जीएच्या (वाढीच्या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवतो. वाईनचं द्राक्ष बरोबर उलटं : मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. लाल वाईनचं द्राक्ष पिळलंत तर रस पांढराच निघतो, सालीसकट आंबवतात म्हणून लाल होतं. गोडी २२-२४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) नेऊन तोडतात. आणि एकरी उतारा आमच्यापेक्षा कमी.
त्यामुळं सुपरमार्केटात वाईन आली असती तरी माझी एक पेटीसुद्धा तिथं गेली नसती. हा झाला हिशेब. प्यावं की नाही, हा वेगळा विषय.
ताई, अजून एक. युरोपात तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. आपल्याकडं पाऊस टाळायचा म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे तुमच्या व्हॅलेंटाईनच्या दिवशी तिकडं नाशिकला वाईनचा हंगाम जोरात असणार.

तेरणाकाठची (५:१०)
माळकरी भाऊ, तुमचं वाचून दुपारभर मनात घोळत राहिलं. माझ्या मामाचंही तसंच झालं, म्हणून मी आजवर त्या दुकानाची पायरी चढले नाही. पण आमचे हे दोन वर्षांत एकदा प्यायले आणि आजही पेरूच आठवतात. एक बाटली, दोघं, वर्षातून एकदा. दुसऱ्यांदा आणावीशी वाटली तर आधी तुम्हाला विचारीन.

माळकरी (६:००)
विचारा. मी नाहीच म्हणणार.

मोडी_वाचक (रात्री ९:२५)
धाग्याच्या मालकीणबाई तेरणेकाठच्या आहेत म्हणून राहवत नाही. तेरणेकाठचं तेर गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याची 'पेरिप्लस' नावाची नोंदवही आहे. तो लिहितो की गुजरातेतल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. या दोन गावांचा माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला उतरायचा. आणि भडोचच्या बंदरात बाहेरून काय यायचं, त्या यादीत सुरुवातीलाच वाईन आहे! इटलीची सर्वांत पसंतीची, मग लाओडिकियाची, मग अरबी. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली तर इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी आहे.
तेव्हा कापड घेऊन गेलेल्या गाड्या येताना रिकाम्या आल्या नसणार, असं मला आपलं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या तगरच्या बाईनं नवऱ्यासाठी इटलीची मागवली असेल तर?

माळकरी (९:४०)
तेर म्हणजे गोरोबाकाका. तिथला घडा मातीचा आणि आत पाणी.

मोडी_वाचक (९:४४)
तेही खरं. काकांपुढं काय बोलणार.

रोशनगेट (९:५८)
इटलीवरून आठवलं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे, इटालियन भाऊ आणि आपले भाऊ मिळून काढलेली. 'फ्रातेल्ली' म्हणजेच भाऊ. तिथं सान्जोवेझे हे खास इटलीचं द्राक्ष लावलंय. लातूरकरांना नाशिकपेक्षा अकलूज जवळ. लाल वाईनची आवड असलेल्यांनी तिकडचीही चाखून बघावी, पण मटण कमी तिखटाचं करून.

पुण्यात_नांदेडकर (१०:१२)
आणि कृपा करून पोर्ट देऊ नका. ते खोकल्याचं औषध आहे.

अबोली_परभणी (१०:२०)
का हो? गोव्याहून सगळे तेच आणतात. मला आवडते गोड.

रोशनगेट (१०:३३)
आवडते तर प्या ना ताई. फक्त तिला पोर्ट म्हणतात म्हणून ती पोर्तुगालची पोर्ट होत नाही. खरी पोर्ट दोरो नदीच्या खोऱ्यातली. आंबवण चालू असतानाच तिच्यात द्राक्षाची ब्रँडी घालतात. आंबवण थांबतं, साखर मागं उरते, आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. साधी वाईन बारा-तेराची. इथल्या गोड पोर्टमध्ये ते प्रकरण नसतं. नांदेडकर साहेब, खोकल्याचं औषध म्हणाल तर पहिल्यांदा पिणाऱ्या शंभरातल्या ऐंशी जणांना मी तेच देताना पाहिलंय, आणि ग्लास रिकामा परत आलाय.

भुर्का (६ फेब्रुवारी, सकाळी ७:५०)
ताई, एक मोठा घोळ आहे. तुमचे यजमान शनिवार करतात का? यंदा १४ ला शनिवार आहे.

तेरणाकाठची (८:१५)
अगं बाई! करतात. मारुतीचा. मीठसुद्धा संध्याकाळी घेतात. मग शुक्रवारी १३ ला?

भुर्का (८:१८)
कॅलेंडर समोर धरूनच बसलोय. १३ ला एकादशी.

तेरणाकाठची (८:२०)
सासूबाईंची एकादशी चुकत नाही, त्या दिवशी घरात कांदासुद्धा चिरत नाही. रविवारी?

भुर्का (८:२१)
रविवारी १५ ला महाशिवरात्र. सोमवार शंकराचा. मंगळवारी १७ ला अमावस्या.

गंजगोलाई (८:२५)
आरारारा. संत व्हॅलेंटाईनला मराठवाड्यात यायला तारीखच गावंना.

शेततळं (८:४०)
बुधवार १८ मोकळा दिसतोय. १९ ला शिवजयंती, मिरवणुकीची गडबड. बुधवारीच उरका.

माळकरी (९:०५)
बघा, देवच अडवू लागलाय.

तेरणाकाठची (९:३०)
तुमच्या देवानं एक चांगलं केलंय भाऊ. सासूबाई शिवरात्रीला परळीला नणंदेकडं जातात, त्या थेट गुरुवारी येतात. म्हणजे बुधवारी फ्रिज माझा! पण दुकानात जायचं ते दिराची सुट्टी असेल तेव्हाच, म्हणजे परवा. सोबतीला नेते. मग दहा दिवस बाटली टिकेल ना?

रोशनगेट (१०:१०)
न उघडलेली खुशाल टिकते. तिला उन्हाचं, उजेडाचं आणि थंड-गरमचं वावडं. किचनच्या ओट्यावर नको, खिडकीत नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. लातूरच्या फेब्रुवारीत दुपारी डिकी उघडून हात घालून बघा. कपाटातल्या शर्टांच्या मागं, खालच्या कप्प्यात आडवी. पिनांसकटचे चार शर्ट कामाला येतील. बुधवारी दुपारी फ्रिजात.
दुकानात घ्याल तेव्हा वरच्या फळीवरची, ट्यूबलाईटखालची घेऊ नका, आतून मागा. मान नीट बघा. झाकणापाशी चिकट ओघळ असेल किंवा बूच वर सरकलेलं असेल तर ती बाटली तापून गेलेली आहे. लेबलवरचं वर्ष बघा, पांढरी असल्यामुळं एक-दोन वर्षांतलंच घ्या. वाईन जुनी तेवढी चांगली, हे मोजक्या लाल वाईनचं खरं आहे, हजाराच्या शेनिनचं नाही.
वयाचा दाखला सोबत असू द्या, वाईनला एकवीस पूर्ण लागतात. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना फाडतात, तो मागून घ्या.

भुर्का (१०:१६)
आणि फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. मी एका थर्टी फर्स्टला बुडबुड्यांची ठेवली होती "पाचच मिनिटं" म्हणून. मॅच लागली. तासाभरानं आतून बंदुकीसारखा आवाज. होळीपर्यंत बर्फात काचा सापडत होत्या.

तेरणाकाठची (८ फेब्रुवारी, रात्री १०:०५)
आणली!! सविस्तर सांगते.
दीर गाडीपाशीच थांबला, म्हणाला, "वैनी, मला सगळे ओळखतात." म्हणजे मीच गेले. जाळीच्या आतला माणूस माझ्याकडं बघेना, मागं कोण पुरुष आहे का ते बघू लागला. म्हटलं, शेनिन ब्लाँ. तो म्हणाला, "कोणती व्हिस्की?" परत सांगितलं. त्यानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरची काढली, फडक्यानं पुसली. वर्ष बघितलं तर चार वर्षांमागचं. म्हटलं, आतून ताजी द्या. रांगेतले एक काका मागून म्हणाले, "बाईला कळतंय रे, दे आतली." आतून निघाली, गेल्या वर्षीची. परवाना मागितला तर तो हसला, पण फाडला. बाटली त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. ती काळी पिशवी बघून आख्ख्या रस्त्याला कळतं आत काय आहे, मग पिशवीचा उपयोग काय? मी ती काढून मेथीच्या जुड्यांत घातली.
आता शर्टामागं आहे. १४ ला मी परत शर्टच दिला. ह्यांना संशय नको... म्हणजे देणार आहे. पाचवा.

गंजगोलाई (१०:११)
ते काका मीच असाव. न्हाई, खरंच, इतवारी संध्याकाळी व्हतो मी तिथं.

तेरणाकाठची (१०:१५)
देवा.

तेरणाकाठची (१८ फेब्रुवारी, रात्री ११:५०)
झालं एकदाचं. दुपारी बाटली फ्रिजात ठेवली. जेवायला धपाटे, दही, शेंगांची चटणी आणि मुद्दाम कमी तिखटाचं पनीर. मटणाचा विचार होता, पण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे खाटकाकडं ही गर्दी. वाईनचे ग्लास नाहीत, सरबताचे काढले, फुलांचं चित्र असलेले.
हे नऊ वीसला आले. म्हटलं, हात धुऊन या. बाटली ठेवली समोर. बराच वेळ नुसतं लेबल वाचत बसले. मग म्हणाले, "तू गेलीस दुकानात?" चवीचं नंतर. हेच तीनदा विचारलं. पहिला घोट घेऊन म्हणाले, "हीच." मग लगेच, "का दुसरी होती? थोडी अशीच होती." पेरूचा वास मलाही आला हो! मी निम्मा ग्लास घेतला. शेंगांच्या चटणीबरोबर बरी लागत नाही, धपाटा-दह्याबरोबर छान लागते, हे रोशनगेट दादांना सांगायचं होतं.
आता प्रश्न असा, की निम्म्याहून जास्त बाटली उरलीय. किती दिवस राहील?

रोशनगेट (१९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०)
झाकण घट्ट लावून फ्रिजात उभी ठेवा, तीनेक दिवस चव राहते. आजच संपवलीत तर उत्तम.

तेरणाकाठची (७:४१)
आज गुरुवार, दत्ताचा. शिवाय दुपारच्या गाडीनं सासूबाई येताहेत.

भुर्का (७:४३)
मग उद्या रात्री. परवा परत शनिवार आहे.

माळकरी (८:१०)
बाटली मेथीतच ठेवा ताई. म्हाताऱ्या माणसाला उगाच धक्का नको.